अर्धवट अडकलेली नखी

‘लॉगन’च्या सुरुवातीलाच रात्रीच्या रस्त्यावर एक टोळकं लिमोझिनची चाकं काढत असतं. गाडीत झोपलेला ड्रायव्हर खाली उतरतो, गोळी खाऊन पडतो, पुन्हा उठतो. तोच वुल्व्हरिन, म्हणजे लॉगन. मूठ आवळल्यावर धातूच्या नख्या बाहेर येतात, पण एक अर्ध्यावरच अडकते. मग न्हाणीघरात तो ती दुसऱ्या हाताने ओढून बाहेर काढतो, दात-ओठ आवळून. त्या अडकलेल्या नखीत मला सगळा चित्रपट दिसतो.

ह्यू जॅकमनने हे पात्र २००० सालच्या ‘एक्स-मेन’पासून केलं. २०१७मध्ये दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्डने त्याचा निरोप रचला, तेव्हा सतरा वर्षं उलटली होती. काळ २०२९चा. ज्या धातूने याला अजिंक्य केलं, त्याचंच विष आता अंगात भिनलंय. जखमा पूर्वीसारख्या भरत नाहीत, वाचायला चष्मा लागतो. मेक्सिकोच्या हद्दीत, एका आडव्या पडलेल्या टाकीत त्याने चार्ल्स झेवियरला लपवून ठेवलंय. झेवियर नव्वदी ओलांडलेला. जगातला सर्वांत सामर्थ्यवान मेंदू आता ताब्यात राहत नाही. झटका आला की आसपासची माणसं जागच्या जागी गुदमरतात. म्हणून वेळेवर गोळ्या, इंजेक्शनं, आणि ती देताना होणारी चिडचिड. लॉगन त्याला उचलून शौचालयात नेतो, जिना चढून अंथरुणावर आणून ठेवतो. घरात म्हातारं माणूस सांभाळलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पॅट्रिक स्टुअर्टने झेवियरचा हट्ट, शिवीगाळ आणि मध्येच उजळणारं शहाणपण इतकं खरं केलंय की त्याच्या अतिमानवी शक्तीचा विसर पडतो.

यातल्या हिंसेबद्दल बरंच बोललं गेलं. हातपाय तुटतात, डोकी उडतात, आणि त्याच्यासारख्याच नख्या असलेली, त्याच्यासोबतची अकरा-बारा वर्षांची लॉरा (डाफ्नी कीन) हे सगळं करते. मला ही हिंसा प्रामाणिक वाटते. आधीच्या चित्रपटांत याच नख्या डझनावारी माणसांच्या आरपार गेल्या होत्या, पण मुलांनाही तिकीट विकायचं म्हणून रक्त दिसायचं नाही. २०१६च्या ‘डेडपूल’ने फक्त प्रौढांसाठीचा सुपरहिरोपटही चालतो हे दाखवल्यावर वाट मोकळी झाली. त्या नख्यांनी खरोखर काय होतं, हे मॅनगोल्डने दाखवलं. इथे मारणारा थकतो, लंगडतो, धापा टाकतो.

म्हातारा नायक ही कल्पना नवी नाही. फ्रँक मिलरने १९८६च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिकमध्ये पंचावन्न वर्षांचा बॅटमॅन रंगवला होता. पण ‘लॉगन’चं खरं नातं वेस्टर्नशी आहे. १९७६च्या ‘द शूटिस्ट’मध्ये जॉन वेनने कर्करोगाने मरायला टेकलेला बंदूकबाज केला, तो त्याचा शेवटचा चित्रपट ठरला. ‘लॉगन’मध्ये तर हॉटेलच्या खोलीत झेवियर आणि लॉरा १९५३चा ‘शेन’ बघतात, आणि शेवटी लॉगनच्या थडग्यापाशी लॉराला त्यातलेच शब्द आठवतात, कारण निरोपाचे दुसरे शब्द तिला कुणी शिकवलेलेच नाहीत.

दोष आहेत. लॉगनचाच तरुण, भावनाशून्य क्लोन त्याच्यासमोर उभा करणं फार ढोबळ आहे. खलनायक पुसट आहेत. मनसन कुटुंबाचा शेवट मला अजून खटकतो: जेवायला बोलावणारी, झोपायला जागा देणारी साधी माणसं केवळ कथा पुढे सरकावी म्हणून मारली जातात. पण त्याच घरात झेवियर अंथरुणावर पडून, आपल्या हातून घडलेला अनर्थ कबूल करत, कित्येक दिवसांनी लाभलेल्या एका चांगल्या रात्रीबद्दल बोलतो. समोर लॉगन आहे असं त्याला वाटत असतं. असतो तो क्लोन, आणि तोच त्याला मारतो. सुपरहिरोपटात याहून क्रूर आणि याहून हळवा मृत्यू मी पाहिलेला नाही. झेवियरला पुरताना लॉगनला बोलायला शब्द सापडत नाहीत, आणि मग तो फावड्याने गाडीच ठोकत सुटतो.

या चित्रपटाला रूपांतरित पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. लाइव्ह-अ‍ॅक्शन सुपरहिरोपटाच्या पटकथेची अशी दखल त्याआधी घेतली गेली नव्हती. या प्रकाराला शेवट करता येतो असं तेव्हा वाटलं होतं. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये (२०१९) टोनी स्टार्क मेला, तेव्हाही वाटलं. पण झेवियरला २०२२मध्ये परत आणून पुन्हा मारलं. स्टार्क साकारणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम म्हणून परतणार, ही घोषणा २०२४मध्ये झाली. आणि त्याच वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या सुरुवातीला लॉगनचं थडगं उकरून त्याच्या हाडांची हत्यारं केली. लॉराने ज्या थडग्यावरचा क्रूस काढून तिरपा, ‘एक्स’सारखा रोवला होता, तेच हे थडगं. प्रेक्षागृह हसलं, चित्रपटाने जगभरात १.३ अब्ज डॉलरांहून जास्त कमावले. मला ते दृश्य बघवलं नाही. अनेक विश्वांची सबब हाताशी असली की कुणीच कायमचं मरत नाही, आणि मग कुणाच्या जगण्याचीही काळजी वाटत नाही. सुपरहिरोपट आज याच दुखण्याने आजारी आहे.

‘लॉगन’ पाहिला नसेल, तर नंतरचं सगळं बाजूला ठेवून एकदा पाहा. जमल्यास ‘लॉगन नॉयर’ ही कृष्णधवल आवृत्ती मिळवा. तिच्यात चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जास्त स्पष्ट दिसतात. घरातल्या लहान मुलांना मात्र शेजारी बसवू नका. हा चित्रपट त्यांच्यासाठी नाही.