एमटीएचएफआर आणि स्मृतिभ्रंश : एका जनुकावर टाकलेलं फार मोठं ओझं

घरी कुणी जनुकीय चाचणी करून घेतली असेल, तर रिपोर्टमध्ये ‘एमटीएचएफआर’ हे नाव तुम्हाला भेटलं असण्याची बरीच शक्यता आहे. पुढे लाल अक्षरांत ‘टीटी’, आणि खाली ‘स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला’. आजीला अल्झायमर झालेला असेल तर ही ओळ वाचून पोटात गोळा येतोच. पण या ओळीमागचं संशोधन तिचं वजन पेलतं का, ते जरा नीट बघू.

एमटीएचएफआर हे एक एन्झाइम. ते फोलेटला अशा रूपात आणतं, की ते बी-१२ च्या मदतीने होमोसिस्टीनचं पुन्हा मेथिओनीन करू शकेल. जनुकात ६७७ व्या जागी ‘सी’ ऐवजी ‘टी’ आलं, की प्रथिनात अॅलानीनच्या जागी व्हॅलीन बसतं आणि एन्झाइम उष्णतेला नाजूक होतं. हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. दोन्ही प्रती ‘टी’ असतील, तर प्रयोगशाळेत त्याचं काम साधारण ३० टक्क्यांवर येतं.

आकडा भीतीदायक वाटतो ना? पण अशा माणसांत होमोसिस्टीन ठळकपणे वाढतं ते मुख्यतः फोलेट कमी असेल तेव्हा. आहारात पुरेसं फोलेट असेल, तर फरक बराचसा झाकला जातो. रिपोर्टमध्ये हे वाक्य सहसा नसतंच.

दुसरा दुवा होमोसिस्टीन ते स्मृतिभ्रंश. २००२ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात १,०९२ लोकांचा पाठपुरावा छापून आला. ज्यांचं होमोसिस्टीन १४ मायक्रोमोलच्या वर होतं, त्यांच्यात अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट दिसला. काम चांगलं आहे, पण ते निरीक्षण आहे. होमोसिस्टीन मूत्रपिंड मंदावली की वाढतं, वयानुसार वाढतं, बी-१२ कमी असलं की वाढतं. म्हणजे ते आग आहे की धूर, हे अशा अभ्यासातून कळत नाही.

मग गोळ्या देऊन बघा! बघितलंही. ऑक्सफर्डच्या व्हिटाकॉग चाचणीत (२०१०) सौम्य विस्मरण असलेल्या १६८ जणांचे एमआरआय तपासले. मेंदू आक्रसण्याचा वार्षिक वेग साध्या गोळीवर १.०८ टक्के, बी-जीवनसत्त्वांवर ०.७६ टक्के. फरक खरा, पण मोजलं ते मेंदूचं आकारमान, स्मृतिभ्रंश नव्हे. २०१४ मध्ये ११ चाचण्यांतल्या सुमारे २२,००० लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा होमोसिस्टीन उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. इथे मला त्या विश्लेषणाबद्दलही तक्रार आहे. त्यातले बहुतेक लोक विस्मरणाच्या वाटेवर नव्हतेच. ज्यांची घसरण होतच नाहीये, त्यांची घसरण थांबली की नाही हे कसं मोजणार?

आणि जनुक? एमटीएचएफआरवरचे लहान-लहान अभ्यास ढीगभर आहेत, उलटसुलट आहेत. दीडशे-दोनशे रुग्णांत ‘सापडलं’ की छापलं जातं, ‘नाही सापडलं’ की ड्रॉवरमध्ये. २०२२ च्या मोठ्या युरोपीय जनुकसंच-व्यापी अभ्यासात अल्झायमरशी निगडित ७५ जागा निघाल्या. त्यांत एसीई आहे, एडीएएम१० आहे, पीएलसीजी२ आहे, म्हणजे एन्झाइमं आहेत. एमटीएचएफआर नाही. पीएलसीजी२ चा एक दुर्मीळ प्रकार तर धोका कमी करणारा निघाला. एन्झाइमचा प्रकार बदलला की धोका वाढणारच, असं काही नसतं. (हा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचा आहे, हे अर्थातच लक्षात ठेवायचं.)

आता आपल्याकडे या. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं. फोलेटची कमतरता मात्र थोड्यांनाच. म्हणजे इथे होमोसिस्टीन वाढण्याचं मोठं कारण ताटात आहे, त्यासाठी जनुक शोधत जायची गरज नाही.

माझा खरा आक्षेप इथेच आहे. ‘टीटी’ दिसलं म्हणून कुणी शाकाहारी काका नुसती फोलेटची गोळी सुरू करतील. रक्तक्षय सुधारेल, रिपोर्ट बरा दिसेल, पण बी-१२ च्या कमतरतेने होणारं नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहील. आणि या कमतरतेने स्वतःच विस्मरण होऊ शकतं, जे वेळेवर पकडलं तर काही अंशी भरूनही येतं. त्यामुळे रिपोर्टमधल्या त्या ओळीची चिंता वाटत असेल, तर डॉक्टरांकडे आधी बी-१२ च्या साध्या रक्ततपासणीचं विचारा.

संशोधक म्हणून मला वाचायचा आहे तो अभ्यास वेगळाच : बी-१२ खरोखर कमी असलेले, नुकतंच विसरायला लागलेले लोक, अर्ध्यांना बी-१२, आणि निदान पाच-सहा वर्षं पाठपुरावा. त्यात जनुकाचा प्रकारही नोंदवा, हरकत नाही. पण तो शेवटच्या रकान्यात.