अठरांमागे एक

१९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीचा एक शोधनिबंध छापून आला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेतल्या सहकाऱ्यांचा. पानं सात. गेल्या पावसाळ्यात ताडोबाच्या जंगलालगतच्या मोहर्लीला मुक्काम होता, तेव्हा तो मी पुन्हा वाचला. ताडोबाचा गाभा त्या दिवसांत बंद असतो, सफारीच्या जिप्सी उभ्या असतात आणि गाव आपल्या शेतीभातीत असतं. १९८२ पर्यंत मोहर्ली आणि गडचिरोली एकाच जिल्ह्यात होती. त्यामुळे निबंधातली ३९ गावं डोळ्यांपुढे आणायला फार लांब जावं लागलं नाही: पाण्याने भरलेल्या बांध्या, कौलारू घर, आतल्या अंधाऱ्या खोलीत बाळंतीण.

निबंधाच्या शीर्षकातच त्याचा कणा आहे. तिथे नवजात बाळाची घरातली काळजी आधी येते, जंतुसंसर्गातून होणारा सेप्सिस नंतर. डॉक्टरी पुस्तकांत रोग आधी आणि माणूस मागून. इथे ‘घर’ हा शब्द पुढे आल्यामुळे साऱ्या मांडणीची दिशाच बदलते. बाळाला दवाखान्यापर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न मागे पडतो. उपचार बाळापर्यंत न्यायचे कसे, हा पुढे येतो. ते नेणाऱ्या बायका गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या. पुढे त्या ‘आरोग्यदूत’ म्हणून ओळखल्या गेल्या.

मला सर्वांत भिडतात त्या या कामातल्या सेप्सिसच्या खुणा. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं. अंग गार लागतंय. नाभीत पू आहे. पोट फुगलंय. आणि एक खूण अशी: बाळाचं दूध ओढणं कमी झालंय, असं आईला वाटतं. हे ‘वाटणं’ निदानात मोजलं जातं! स्तनाला जाणवलेला तो फरक आजवर बाईच्या काळजीत जमा होत होता. इथे तो विज्ञानाच्या नोंदवहीत शिरला. अशा दोन खुणा एकदम दिसल्या की वाट पाहायची नाही. जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमोक्सॅझोल सुरू करायचं.

वाट का पाहायची नाही, हे सेप्सिसच्या स्वभावात आहे. जंतूंशी लढताना शरीराचा दाह हाताबाहेर जातो आणि स्वतःच्याच अवयवांना पोळतो. हा दाह आवरायला अमिनो आम्लं वरून द्यावीत, हा विचार तर्काला धरूनच होता. त्यांतलं ग्लुटामीन हे रोगाशी लढणाऱ्या पेशींचं आणि आतड्याच्या अस्तराचं इंधन. गंभीर आजारात ते रक्तात घटतं. मग भरून काढावं. पण २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या प्रयोगाने वेगळंच दाखवलं. ४० अतिदक्षता विभागांतल्या, अनेक अवयव निकामी होत चाललेल्या १,२२३ प्रौढ रुग्णांचा तो प्रयोग. ज्यांना ग्लुटामीन मिळालं, त्यांच्यात सहा महिन्यांच्या आत मृत्यू अधिक झाले. दाह एकदा पेटल्यावर एक घटक ओतून शरीराचा हिशेब जुळत नाही. गडचिरोलीच्या निबंधात अमिनो आम्लांचा मुद्दा नाही, पण आईचं दूध आहे, आणि त्या दुधात मोकळ्या अमिनो आम्लांपैकी सर्वाधिक असतात ती ग्लुटामेट आणि ग्लुटामीनच. सोबत रोगप्रतिकारक द्रव्यं, आणि छातीची ऊब. तिथलं पोषण आग लागण्याआधीचं आहे, आणि औषध पहिल्या ठिणगीवरचं.

आकडे सांगताना निबंधाचा स्वर कुठेही चढत नाही. उपचारांआधी सेप्सिसच्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली होती. उपचार सुरू झाल्यावर ७१ पैकी २.८ टक्के. हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. शेजारी ४७ गावं तुलनेसाठी होती, म्हणून हा काळाचा महिमा म्हणून सोडून देता येत नाही. खर्च, बाळामागे ५.३ डॉलर.

आणि मग ते वाक्य येतं, ज्यासाठी मी हा निबंध पुन्हा पुन्हा उघडते: काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. पहिल्या वाचनात नजर ‘एक’वर थांबते. आता ती अठरांवर थांबते. उरलेल्या सतरा घरांत आरोग्यदूत गेली, थर्मामीटर लावला, वजन केलं, आईशी बोलली आणि परतली. तिथे सांगण्याजोगं काही घडलं नसेल. पण ते एक बाळ कोणतं, हे तिला दारात उभं असताना कळत नाही. म्हणून अठराही उंबरे ओलांडावेच लागतात. या वाक्याची करुणा त्याच्या भागाकारातच आहे.

२०११ पासून घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गावोगावच्या ‘आशा’ आरोग्यसेविकांमार्फत देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने बाळाच्या घरी जायचं, असा नेम आहे. मोहर्लीतल्या बाळंतिणीलाही तोच लागू. पावसात छत्री मिटून कुणी तिच्या दारात उभं राहतं आणि आधी विचारतं, “बाळ दूध नीट ओढतंय ना?” त्या प्रश्नात तो सात पानांचा निबंध पुरता उतरलेला असतो.