अली फार्का तूरे आणि ‘ब्लूज’चा दावा

कलाकृतीला नाव देणे हा समीक्षेचा अधिकार खरा. परंतु परक्या नावाने केलेली स्तुतीदेखील कलावंताच्या हक्कावर आक्रमण करू शकते. माली देशातील गायक-वादक अली फार्का तूरे (१९३९–२००६) यांच्या वाट्याला हेच आले. पाश्चात्त्य समीक्षकांनी त्यांना ‘आफ्रिकेचा जॉन ली हुकर’ ही पदवी बहाल केली आणि अमेरिकी ब्लूजचे मूळ सापडले म्हणून समाधान मानले. न्यायालयाच्या भाषेत सांगावयाचे तर, दुसऱ्याच्या वंशावळीच्या दाव्यात तूरे यांना साक्षीदार म्हणून उभे केले गेले. त्यांचा स्वतःचा दावा ऐकावयाचा राहून गेला.

साम्य नाही असे नव्हे. हुकरप्रमाणे तूरेही एका स्वरकेंद्राभोवती लहानसा स्वरसमूह पुनःपुन्हा घोळवितात आणि त्यावर गाणे बोलल्यासारखे सोडून देतात. परंतु बारा खंडांचा, तीन स्वरसंवादांवर फिरणारा ब्लूजचा रूढ साचा त्यांच्या गायनाचा पाया नव्हे. त्यांचा हात प्रथम बसला तो जुर्केल या एकतारी वाद्यावर. गिटार त्यांनी १९५६ नंतर हाती घेतली. सोंघाय, फुल्फुल्डे, तमाशेक या आपल्या मुलखातील भाषांत ते गात. या संगीताची मुळे व खोड आफ्रिकेत आहेत, अमेरिकेत आहेत त्या केवळ फांद्या व पाने, असे ते बजावून सांगत.

१९९४ साली राय कूडर यांच्या सहयोगाने निघालेल्या ‘टॉकिंग टिंबक्टू’ला ग्रॅमी पारितोषिक लाभले. त्याआधी, १९९३ साली, कूडर यांनी आपल्या विश्वमोहन भट्ट यांच्यासह ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका केली होती. तिलाही तोच मान मिळाला. या दोहोंची तुलना उद्बोधक आहे. भट्टांच्या वादनामागे रागाचे नाव आणि शास्त्र उभे होते; ते ऐकणाऱ्यास मान्य करावेच लागे. सोंघाय गीतप्रकारांची नावे मात्र परदेशी श्रोत्याला अपरिचित होती. म्हणून ओळखीचे ‘ब्लूज’ हे नाव त्यांच्यावर चिकटविणे सोपे गेले.

१९९९ची ‘नियाफुंके’ ही ध्वनिमुद्रिका मला या नामकरणाचे उत्तर वाटते. ती तूरे यांच्या नायजरकाठच्या गावी, शेतीच्या कामांतून सवड काढून, एका वापरात नसलेल्या इमारतीत जनित्राच्या विजेवर ध्वनिमुद्रित झाली. ‘टॉकिंग टिंबक्टू’चा घोटीवपणा येथे नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु येथे तूरे एकटे नाहीत. त्यांच्या ओळीला साथीदारांचा समूहस्वर उत्तर देतो, भोपळ्यावरचा ठेका चालत राहतो, आणि गिटार या संवादातील एक घटक होते. शिवाय हे संगीत पुराणवस्तुसंग्रहालयातील अवशेष नव्हे. ‘पीटर बोथा’ या गीताचा विषय दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेष हा आहे. आपल्या काळाशी असे भांडणाऱ्या गाण्याला कोणाचा तरी पूर्वज ठरवून भिंतीवर टांगणे अन्यायाचे होय.

लोकसंगीत म्हणजे कच्चा माल, त्याची किंमत पुढे त्यातून काय निपजले यावर ठरावयाची, हा समज अनेक रसिकांच्या मनातही दडलेला असतो. तूरे यांच्या स्तुतिपाठकांनीही तोच नकळत जोपासला. त्यांचे गाणे ब्लूजचे जनक ठरो वा न ठरो, ‘नियाफुंके’च्या गुणवत्तेत त्यामुळे तिळमात्र फरक पडत नाही. हा निवाडा ध्वनिमुद्रिकेतील पुराव्यावरच व्हावयास हवा. आणि तो पुरावा निःसंशय भक्कम आहे.