४८ टक्क्यांची ओळ

मार्च २०१५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जोआन एलमोर आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातला एक तक्ता मी पुन्हा पुन्हा उघडतो. स्तनाच्या बायोप्सीचे २४० नमुने. अमेरिकेतल्या आठ राज्यांमधले ११५ पॅथॉलॉजिस्ट. प्रत्येकापुढे ६० नमुने, नमुन्यामागे एकच स्लाइड. तीन तज्ज्ञांनी मिळून ठरवलेलं निदान एकीकडे, या ११५ जणांचं दुसरीकडे.

बाहेर पसरलेल्या कर्करोगाच्या ओळीत निदान जुळलं ९६ टक्के वेळा. सौम्य नमुन्यांत ८७, नलिकेतच थांबलेल्या कर्करोगात ८४. आणि सौम्य व कर्करोग यांच्या सीमेवरच्या ॲटिपियाच्या ओळीत ४८. इथे माझं बोट थांबतं.

कारण भिंगाखाली काय दिसतं ते पाहा. दुग्धनलिकेचा छेद, आत एकसारख्या गोल पेशींची दाटी, मधूनमधून पंचने पाडल्यासारखी नेटकी भोकं. हेच चित्र दोन नलिका पूर्ण भरून असलं किंवा दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं, की नलिकेतला कर्करोग म्हणायचं. त्याआत राहिलं तर ॲटिपिया. पेशींचा चेहरामोहरा तोच, फरक मापाचा. त्यात सुईने काढलेला तुकडा शेवईएवढा बारीक. नलिका कडेलाच तुटलेली असेल, तर पलीकडे किती उरलं हे कोणी सांगावं? ॲटिपियाच्या ३५ टक्के वाचनांत निदान सौम्याकडे झुकलं, १७ टक्क्यांत कर्करोगाकडे. याला सरसकट चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

हा पेच जुना आहे. १९९१ मध्ये पॅथॉलॉजिस्ट हुआन रोसाई यांनी अशाच सीमेवरचे १७ नमुने पाच जाणकारांपुढे ठेवले. पाचांचं एकाही नमुन्यावर एकमत झालं नाही. पुढच्या वर्षी श्निट आणि सहकाऱ्यांनी सहा जणांना निकष आधी नेमके आखून दिले, तेव्हा २४ पैकी ५८ टक्के नमुन्यांत सहाही जण एकाच निदानावर आले. म्हणजे शब्द घासूनपुसून घेतले की नजरा जवळ येतात.

एलमोर यांच्या लेखनातला मला सर्वांत भावलेला प्रामाणिकपणा मात्र तक्त्याबाहेर आहे. ज्या तिघांच्या निदानावर बाकीच्यांना तोललं, त्यांचंही स्वतंत्रपणे वाचताना ७५ टक्के नमुन्यांतच एकमत झालं होतं. उरलेल्यांवर चर्चेला बसावं लागलं. कठीण नमुने मुद्दाम जास्त घेतले होते, हेही त्या सांगतात. एरवी शंका आली की पुढचे काप मागवता येतात, शेजारच्या टेबलावर स्लाइड नेऊन "जरा बघता का?" म्हणता येतं. या ११५ जणांना तेवढीही सोय नव्हती.