डावलले कोणाला?

कोल्हापूरच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांचा विषय आमच्या बेळगाव भागात निघाला की कोणीतरी म्हणतेच, ‘मराठी माणूस म्हणून डावलले!’ त्यांचे ‘फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट’ हे आत्मचरित्र वाचल्यावर मला हे पटेनासे झाले.

1945 ची कांगॉची लढाई, 1953-54 मधील कोरियातील युद्धकैद्यांची राखण, हे सारे थोरात संयमाने सांगतात. पण पुस्तकाचा गाभा पुढेच आहे. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी 1959 साली नेफाच्या संरक्षणाचा आराखडा पाठवला. मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ हा युद्धसराव घेऊन चिनी चढाई कशी होईल तेही दाखवले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतले नाही. 1961 मध्ये थिमय्यांची शिफारस थोरातांसाठी होती. सरसेनापती झाले थापर. पुढच्याच वर्षी नेफात आपला पराभव झाला.

येथे आपण वाचक दोन गोष्टींची गल्लत करतो, आणि लेखकही ती पुरती सोडवत नाही. थापर सेवाज्येष्ठ होते. शिवाय सरसेनापती निवडणे हा लोकनियुक्त सरकारचाच अधिकार. थोरात त्या जागी बसले असते तरी रस्ते आणि उबदार कपडे आपोआप आले नसते. मात्र जाणत्या सेनानीचा लेखी इशारा दप्तरात पडून राहिला, त्याची किंमत जवानांनी मोजली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात राहणाऱ्या आपण तरी थोरातांच्या हुकलेल्या पदापेक्षा त्या कागदाची हळहळ अधिक बाळगावी.