एसी/डीसी नक्की कुठला बँड?

इंग्रजी विकिपीडियावर एसी/डीसीच्या लेखाची सुरुवात अगदी साधी आहे: १९७३मध्ये सिडनीत सुरू झालेला ऑस्ट्रेलियन रॉक बँड. पण यातल्या ‘ऑस्ट्रेलियन’ आणि ‘रॉक’ या दोन्ही शब्दांवर भांडता येतं. हे भांडण रिकामटेकडं नाही. मोबाईलवर बँडचं नाव शोधलं की आपण बहुतेकदा तेवढीच ओळ वाचतो आणि गाण्याकडे वळतो. बँडची ओळख म्हणून तीच डोक्यात बसते.

आधी ‘ऑस्ट्रेलियन’. बँड काढणारे माल्कम आणि अँगस यंग हे भाऊ ग्लासगोचे. त्यांचं कुटुंब १९६३मध्ये सिडनीला आलं. गायक बॉन स्कॉटचा जन्मही स्कॉटलंडचा. तो १९५२मध्ये आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आला. १९८०मध्ये तो गेल्यावर आलेला ब्रायन जॉन्सन इंग्लंडचा, बेसवाला क्लिफ विल्यम्सही तिथलाच. ड्रमर फिल रड तेवढा मेलबर्नचा. म्हणून काहींना इथे ‘स्कॉटिश-ऑस्ट्रेलियन’ लिहावंसं वाटतं.

पण जन्मदाखले मोजायला बसलो तर पंचाईत होते. यंग बंधूंचा थोरला भाऊ जॉर्ज ‘ईझीबीट्स’मध्ये होता. साठच्या दशकातला हा ऑस्ट्रेलियाचा खूप गाजलेला बँड. त्याच्या मूळ पाच जणांपैकी एकही ऑस्ट्रेलियात जन्मलेला नव्हता. स्कॉटलंड, इंग्लंड आणि नेदरलँड्समधून आलेली ही पोरं सिडनीच्या स्थलांतरितांच्या वसतिगृहाभोवती एकत्र आली. त्यांना ऑस्ट्रेलियन म्हणायचं नाही, तर मग कुणाला म्हणायचं?

‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’ ऐका. त्यात चक्क बॅगपाइप वाजते, आणि ती वाजवतो बॉन स्कॉट. व्हिडिओत हीच मंडळी मेलबर्नच्या स्वान्स्टन स्ट्रीटवरून ट्रकवर उभी राहून वाजवत जातात. स्कॉटलंडचं वाद्य इथे ऑस्ट्रेलियातल्या रस्त्यावर वाजतंय आणि ते उपरं वाटत नाही. म्हणून माझं मत ‘ऑस्ट्रेलियन’लाच. फक्त लगेच पुढच्या वाक्यात ही माणसं कुठून आली तेही यायला हवं. नाहीतर स्थलांतरितांनी घडवलेलं संगीत देशाच्या नावावर जमा होतं आणि स्थलांतर तेवढं गाळलं जातं.

आता ‘रॉक’. मेटलच्या चाहत्यांना हा बँड आपला वाटतो, आणि ते उगाच नाही. १९८१मध्ये डॉनिंग्टनच्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’मध्ये मुख्य बँड हाच होता. १९९१मध्ये मॉस्कोतल्या तुशिनो विमानतळावर तो मेटालिका आणि पँटेरा यांच्यासोबत वाजला. बँड मात्र वर्षानुवर्षं म्हणत आलाय की आम्ही फक्त रॉक अँड रोल वाजवतो.

विकिपीडियाच्या नियमानुसार संपादकाच्या कानाला इथे किंमत नाही. विश्वासार्ह छापील किंवा प्रकाशित संदर्भ लागतो. नियम योग्यच आहे, पण संदर्भांमध्येच एकमत नसेल तर तो पुरत नाही. समीक्षकाला मात्र कान वापरायची मुभा आहे. १९७५च्या ‘टी.एन.टी.’ अल्बममध्ये चक बेरीचं एक गाणं आहे. स्टेजवर एका पायावर उड्या मारत जाण्याची अँगसची लकब बेरीचीच. माल्कमची गिटार दोन कॉर्ड्सच्या मध्ये मोकळी जागा सोडते. मेटल बहुधा ती जागा आवाजाने भरून टाकतं. इथे तिच्यामुळेच पाय थिरकतात.

म्हणजे ‘रॉक अँड रोल’ हे संगीत कसं घडलं त्याचं उत्तर आहे, आणि ‘मेटल’ हे ते कुणी आपलंसं केलं त्याचं. दोन्ही खरी आहेत, पण चौकटीत स्वल्पविराम देऊन शेजारीशेजारी लिहिली की त्यांतला फरक पुसला जातो. त्यापेक्षा पहिल्या ओळीत ढोबळ ‘रॉक’ ठेवावं आणि हा वाद लेखात एका सरळ परिच्छेदात मांडावा. ‘रॉक’ फार मोघम आहे, बीटल्सही रॉक आणि निर्वाणाही रॉक, हा आक्षेप मान्य. पण मोघम शब्द वाचून माणूस गाणं ऐकून बघतो. चुकीचा नेमका शब्द वाचला, तर ‘मला मेटल झेपत नाही’ म्हणून तो ऐकायच्या आधीच निघून जातो.

मराठी विकिपीडिया २००३पासून सुरू आहे आणि तिथे कुणीही लिहू शकतं. आवडत्या बँडवर लेख लिहायला घेतलात तर पहिल्या ओळीचं नुसतं भाषांतर करून थांबू नका. आणखी दोन वाक्यं लिहा: एक माणसांबद्दल, एक आवाजाबद्दल.