निन्टेंडोची यंत्रपरंपरा आणि 'राजी' : एक समीक्षात्मक विचार

नाटक, चित्रपट व चित्रकला यांच्या समीक्षेची मराठीत मोठी परंपरा आहे. व्हिडिओ गेमचा विचार मात्र बहुधा मुलांच्या सवयींविषयीच्या तक्रारीपुरताच होतो. प्रस्तुत लेखात निन्टेंडो या जपानी कंपनीच्या यंत्रपरंपरेच्या संदर्भात पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या खेळाचे परीक्षण करावयाचे आहे.

क्योटो येथे १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा पत्ते बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. तोच निन्टेंडोचा आरंभ होय. 'गेम अँड वॉच' (१९८०) आणि 'गेम बॉय' (१९८९) यांमागे गुन्पेई योकोई यांची दृष्टी होती : जुने होऊन स्वस्त झालेले तंत्रज्ञान अनपेक्षित रीतीने वापरावे. मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे यंत्र १९८३ चे 'फॅमिकॉम'. अधिकृत कॅसेट ओळखणारी कुलूपवजा चिप त्यात नव्हती. ती १९८५ च्या अमेरिकी आवृत्तीत आली. परिणामी फॅमिकॉमच्या नकला आशियाभर पसरल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी यंत्रे घरोघर आली. (क्रिकेटमधील बिरुद जपानी यंत्राच्या नकलेला शोभून दिसले, हेही खास आपलेच!) मारियो सर्वांना ठाऊक झाला, निन्टेंडो हे नाव क्वचितच कोणाच्या तोंडी होते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जपानी वा इंग्रजी न जाणणारी मुले हा खेळ शिकली कशी? उत्तर 'सुपर मारियो ब्रदर्स'च्या (१९८५) रचनेत आहे. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी पहिल्याच टप्प्यात समोरून एक गूम्बा चालत आणला. त्याला धडकले की मरण, उडी मारली की सुटका. एकही शब्द न उच्चारता नियम कळतो. चूक हेच येथे शिक्षण आहे, आणि खेळाची भाषा म्हणजे हालचाल.

या कसोटीवर 'राजी'कडे पाहावे लागते. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम अयशस्वी होऊनही संस्थेने काम सोडले नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ प्रथम निन्टेंडो स्विचवर आला. म्हणजे त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकल्या न जाणाऱ्या यंत्रावर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकनही मिळाले. सर्कशीतील एक मुलगी, राक्षसांनी पळविलेला तिचा भाऊ गोलू आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ एवढ्यावर कथानक उभे आहे. राजस्थानी वास्तुशिल्पाची छाया असलेले महाल आणि बाहुल्यांच्या छायानाट्यासारखे कथाप्रसंग विलक्षण देखणे आहेत. खांबाभोवती गिरकी घेऊन, भिंतीवरून धावत केलेले प्रहार तर सर्कशीतल्या मुलीलाच शोभावेत असे आहेत. तेथे शरीरच कथा सांगते.

परंतु उरलेली कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादांतून ऐकविली जाते. पुराणकथांची भित्तिचित्रे आली की खेळाडूने थांबून ऐकावयाचे, जणू कीर्तनात पूर्वरंगच लांबला. शिवाय पुण्यात घडलेल्या या कृतीचे निवेदन प्रारंभी इंग्रजीत होते. नकली यंत्रावर अक्षरओळख नसलेले मूलही मारियो खेळू शकले. 'राजी'तील देव मात्र इंग्रजी जाणणाऱ्यांशीच बोलत होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. चित्रांसमोर थांबून ऐकण्याची रीत तशीच राहिली.